डब्लिनमध्ये चांगला पब कसा शोधावा: तयारीपासून शेवटच्या बसपर्यंत

पुण्या-मुंबईहून कामासाठी, शिकायला किंवा फिरायला डब्लिनला आलेल्या बऱ्याच जणांची पहिली शनिवारची संध्याकाळ सारखीच जाते. फोनवर ‘आयरिश पब’ असं शोधायचं, नकाशा नेईल तिकडे निघायचं आणि रात्री साडेआठच्या सुमाराला टेम्पल बार भागात पोचायचं. आत पाय ठेवायला जागा नसते. माइकवरचं गाणं कानठळ्या बसवतं, शेजारच्याशी बोलायचं तर ओरडावं लागतं आणि पाइंटचा, म्हणजे बियरच्या मोठ्या ग्लासाचा, दर शहरातल्या इतर पबांच्या दीडपट असतो. दुसऱ्या दिवशी मत तयार: ‘पब पाहिला, एकदा ठीक आहे.’

खरं तर त्यांनी डब्लिनचा पब पाहिलेलाच नसतो. चांगला पब तिथून दहा-पंधरा मिनिटांच्या अंतरावर असतो, पण तो सापडायचा तर शोधण्याचा क्रम बदलावा लागतो. लोक थेट पबच्या नावापासून सुरुवात करतात. आधी ठरवायचा हेतू, मग बरोबर किती माणसं, मग वार आणि वेळ, त्यानंतर शहराचा भाग आणि सगळ्यात शेवटी पब. खालचे टप्पे त्याच क्रमाने दिले आहेत. दारू न पिणाऱ्यांनीही वाचावेत, कारण डब्लिनचा पब मुळात बसायची आणि बोलायची जागा आहे. हातात काय आहे याकडे तिथे कुणी फारसं बघत नाही.

## टप्पा १: हेतू ठरवा आणि माणसं मोजा

पबात माणूस चार गोष्टींसाठी जातो: निवांत गप्पा, पारंपरिक संगीत, उत्तम ओतलेला स्टाउट (गिनेससारखी काळी, फेसाळ बियर) किंवा जेवण. मॅच बघणं हा पाचवा हेतू. चारही गोष्टी एकाच ठिकाणी तितक्याच चांगल्या मिळतील ही अपेक्षा सोडून द्या. साउथ विल्यम स्ट्रीटवरच्या ग्रोगन्समध्ये ना टीव्ही आहे ना संगीत, तिथे लोक फक्त बोलायला येतात. स्मिथफील्डच्या कॉबलस्टोनला जायचं ते संगीतासाठी. ग्रोगन्समध्ये फिडल (व्हायोलिन) शोधत बसलात किंवा कॉबलस्टोनमध्ये वाजवणाऱ्यांच्या शेजारी बसून ऑफिसच्या गोष्टी काढल्यात, तर दोन्हीकडे संध्याकाळ फुकट जाते.

आता माणसं. आपल्याकडे ‘सगळेच जाऊ’ म्हणत दहा-बारा जणांचा गट सहज जमतो. जुन्या डब्लिन पबांत एवढा गट मावत नाही. बहुतेक ठिकाणी टेबल राखून ठेवत नाहीत, आणि खोल्या लहान असतात. दोघे-तिघे असाल तर कुठेही सामावता. चौघे असाल तर थोडं थांबावं लागेल. सहाच्या वर असाल तर दोन गट करा आणि वेगवेगळ्या पबांत जा, किंवा मागे मोठं अंगण असलेला पब निवडा. लोअर बॅगट स्ट्रीटवरच्या टोनर्सला असं अंगण आहे.

तपासा: ‘आज आपण अमुक गोष्टीसाठी चाललोय’ हे एका वाक्यात सांगता येतंय का? येत नसेल तर गटातल्या प्रत्येकाच्या मनात वेगळा पब आहे. त्यावर आत्ताच बोला. रात्री फुटपाथवर उभं राहून हा वाद मिटत नाही.

## टप्पा २: वार आणि वेळ

इथेच सर्वांत जास्त लोक चुकतात. एकच पब मंगळवारी संध्याकाळी पाचला आणि शनिवारी रात्री दहाला दोन वेगळी ठिकाणं असतात.

गप्पांसाठी सोमवार ते बुधवार, दुपारी चार ते सहा ही वेळ सोन्यासारखी. ऑफिसं सुटायच्या आधी पोचलात तर बसायला कोपरा मिळतो, आणि बारमनलाही दोन शब्द बोलायला सवड असते. गुरुवारी संध्याकाळपासून ऑफिसांतली गर्दी सुरू होते. शुक्रवारी सहानंतर शहराच्या मध्यभागी बसायला जागा मिळेल असं धरूनच चालू नका. रविवारची दुपार मात्र फार छान असते. कुटुंबं, पेपर वाचणारी म्हातारी माणसं, आणि उन्हाळ्यात कोपऱ्यातल्या टीव्हीवर हर्लिंग किंवा गेलिक फुटबॉल या आयरिश खेळांचा सामना.

संगीत ऐकायचं असेल तर सेशन, म्हणजे वादकांची एका टेबलाभोवतीची बैठक, साधारण रात्री नऊ-साडेनऊला सुरू होतं. पण तुम्ही आठलाच पोचा. साडेनऊला येणाऱ्याला मागच्या भिंतीपाशी उभं राहावं लागतं आणि अर्धं संगीत माणसांच्या पाठीमागे हरवतं.

कायद्याने ठरलेल्या वेळा लक्षात ठेवा. सोमवार ते गुरुवार रात्री ११:३०, शुक्रवार-शनिवार १२:३० आणि रविवारी ११ वाजता विक्री थांबते. हातातलं संपवायला त्यानंतर अर्धा तास मिळतो. खास परवाना असलेले बार आणखी उशिरापर्यंत चालतात, पण ते बहुतेक नाचगाण्याचे असतात. या लेखात त्यांचा विचार नाही.

लहान मुलं बरोबर असतील तर रात्री नऊच्या आत बाहेर पडायचं. मे ते सप्टेंबर ही मर्यादा दहापर्यंत असते. पंधरा वर्षांखालच्या मुलांसोबत पालक हवाच. पिण्याचं कायदेशीर वय १८ आहे. विशी-बाविशीतल्या विद्यार्थ्यांनी वयाचा पुरावा खिशात ठेवावा, दारावर अडवलं तर वाद घालून उपयोग होत नाही.

सावधान: १७ मार्च, म्हणजे सेंट पॅट्रिक डे, आणि त्याच्या आगेमागचे दोन दिवस पब शोधायला सर्वांत वाईट. फेब्रुवारी-मार्चमध्ये अव्हिवा स्टेडियमवर रग्बीचा आंतरराष्ट्रीय सामना असेल तर बॅगट स्ट्रीटचा परिसर टाळा. हर्लिंग-गेलिक फुटबॉलच्या क्रोक पार्क स्टेडियमवर अंतिम सामना असेल त्या दिवशी शहराची उत्तर बाजू तुडुंब भरते. नाताळच्या दिवशी पब बंदच असतात.

## टप्पा ३: भाग निवडा, पब नंतर

नकाशावर लिफी नदी बघा. शहराचे दक्षिण आणि उत्तर असे दोन भाग पडतात. टेम्पल बार दक्षिण काठाला चिकटून आहे. तिथे दिवसा फिरा, फोटो काढा, पण बसायला दुसरीकडे जा. आता कुठे, ते हेतूप्रमाणे.

गप्पांसाठी: ग्राफ्टन स्ट्रीटच्या आजूबाजूला. साउथ अ‍ॅन स्ट्रीटवर कीओज, साउथ विल्यम स्ट्रीटवर ग्रोगन्स, साउथ ग्रेट जॉर्जेस स्ट्रीटवर लाँग हॉल, डेम कोर्ट या बोळात स्टॅग्ज हेड. सगळे एकमेकांपासून चालत पाच-सात मिनिटांवर आहेत, त्यामुळे एक भरलेला निघाला तर दुसरा बघता येतो. नवख्या माणसाने सुरुवात इथूनच करावी. स्टॅग्ज हेड सापडत नसेल तर डेम स्ट्रीटच्या फुटपाथकडे बघत चला. जमिनीत बसवलेली मोझेकची खूण दिसेल, तिथूनच बोळ आत वळतो.

संगीतासाठी: स्मिथफील्ड किंवा मेरियन रो. कॉबलस्टोन स्मिथफील्ड चौकाच्या वरच्या टोकाला, नॉर्थ किंग स्ट्रीटवर आहे. लुअस ट्रामच्या रेड लाइनवर स्मिथफील्ड थांब्याला उतरा आणि चौक चालत पार करा. २०२१ साली त्याच्याभोवती हॉटेल बांधायचा प्रस्ताव आला, तेव्हा वादक आणि रहिवासी रस्त्यावर उतरले, आणि महापालिकेने परवानगी नाकारली. लोकांचा जीव कशात गुंतलाय हे त्यावरून कळावं. मेरियन रोवरचं ओडॉनहूज सेंट स्टीफन्स ग्रीनजवळ आहे. तिथेही सेशन चालतं, पण जागा चिंचोळी आणि पाहुणे जास्त, म्हणून आठवड्याच्या मधल्या वारी जा.

स्टाउटसाठी: पूलबेग स्ट्रीट. डार्ट या लोकल रेल्वेच्या टारा स्ट्रीट स्टेशनजवळ मलिगन्स आहे. बाहेरून काहीच दिमाख नाही, आत लाकूड काळवंडलेलं, जमीन झिजलेली. पूर्वी आसपासच्या वर्तमानपत्रांतले लोक इथे यायचे. बोलणं कमी आणि पाइंट उत्तम हवा असेल तर ही जागा.

दिवसभराच्या बेतासाठी: ग्लासनेव्हिन. इथे जॉन कॅव्हना नावाचा पब आहे. सगळे त्याला ग्रेव्हडिगर्स म्हणतात, कारण तो स्मशानभूमीच्या जुन्या दाराला लागून आहे. १८३३ पासून एकाच घराण्याकडे आहे. टीव्ही नाही, संगीत नाही. सकाळी नॅशनल बोटॅनिक गार्डन बघा (प्रवेश फुकट आहे), मग स्मशानभूमीत चक्कर मारा आणि दुपारी पबात बसा. शहराच्या मध्यापासून बसने यावं लागतं म्हणून पाहुणे इथवर कमी येतात. घरच्या वडीलधाऱ्यांना पब दाखवायचा असेल तर मी इथेच नेईन.

रेल्वेने येणाऱ्यांसाठी: ह्यूस्टन स्टेशनजवळ पार्कगेट स्ट्रीटवर रायन्स आहे. दारं असलेल्या छोट्या खोल्या आणि कोरीव लाकूडकाम निरखून बघण्यासारखं.

टेम्पल बारबद्दल एक अपवाद. फ्लीट स्ट्रीटवर, त्या भागाच्या अगदी कडेला, पॅलेस बार आहे. गर्दीच्या शेजारी असूनही तो आपल्या चालीने चालतो. मागच्या खोलीत छतातून रंगीत काचेचा उजेड येतो. दुपारी गेलात तर तो दिसतो.

तपासा: निवडलेल्या भागात चालत जाण्याच्या अंतरावर निदान दोन पर्यायी पब आहेत का? एकाच पबवर अख्खी संध्याकाळ लावू नका. ग्लासनेव्हिनला जाताना हा नियम मोडावा लागतो, म्हणून तिथे लवकर जायचं.

## टप्पा ४: ऑनलाइन यादी वापरायची कशी

तारे मोजू नका. पाच हजार लोकांनी चांगलं म्हटलंय याचा अर्थ तिथून पाच हजार पाहुणे गेले, एवढाच होतो. त्याऐवजी तीन गोष्टी बघा.

पहिली, गेल्या दोन-तीन महिन्यांतली मतं. मालक बदलला की पब बदलतो. दुसरी, तक्रारी कशाबद्दल आहेत. ‘जेवण मिळालं नाही’, ‘गाणी नव्हती’, ‘वायफाय नाही’ अशा तक्रारी असतील तर गप्पांसाठी तो पब चांगलाच असायची शक्यता आहे. ‘ग्लास अस्वच्छ’, ‘पाइंट आंबट’ असं दोघा-तिघांनी लिहिलं असेल तर नाव खोडा. तिसरी, फोटो. फोटोत काउंटरवर एकटी बसलेली माणसं दिसली तर तिथे स्थानिक लोक येतात. प्रत्येक फोटोत फक्त हिरव्या टोप्या दिसल्या तर समजून जा.

सेशनची वेळ कुठल्याही यादीतून घेऊ नका. पबला सरळ फोन करा आणि विचारा, ‘आज रात्री सेशन आहे का, किती वाजता?’ दोन वाक्यांत उत्तर मिळतं.

## टप्पा ५: आत जाण्यापूर्वी आणि दारातून पाहणी

हा टप्पा दोन मिनिटांचा आहे, पण संध्याकाळ याच्यावर ठरते. ऑर्डर दिल्यावर निदान तासभर तिथेच बसायचं असतं, म्हणून दारातून परत फिरायला संकोच करू नका. इथे कुणाला त्याचं काही वाटत नाही.

बाहेर उभे राहून पाटी वाचा. चांगल्या जुन्या पबांवर बहुधा माणसाचं आडनाव असतं. खुद्द डब्लिनमध्ये ‘अस्सल आयरिश पब’ अशी पाटी दिसली तर ती पाहुण्यांसाठी लावलेली आहे. दारात उभा राहून कुणी आत बोलावत असेल, चार भाषांतला फोटोंचा मेनू बाहेर टांगला असेल, तर पुढे चला. नाव मोठं, लक्षण खोटं.

मग दरपत्रक. पेयांचे दर दाराशी लावणं पबला कायद्याने बंधनकारक आहे, तरी ते कुणी वाचत नाही. दाराच्या आत-बाहेरच्या भिंतीवर चौकटीतला कागद शोधा. मध्य डब्लिनमध्ये स्टाउटचा पाइंट साधारण ६ ते ७ युरोच्या आसपास असेल तर ठीक. ९ किंवा १० दिसला तर तुम्ही जागेचं भाडं भरताय. काही ठिकाणी रात्री उशिरा दर वाढतात, तेही त्याच कागदावर असतं.

आता दार उघडा आणि आधी कान द्या. माणसांच्या बोलण्याचा एकसंध आवाज येतोय का? की स्पीकरचा? दुपारी चार वाजता स्पीकर मोठा लावलेला पब रात्री काय करेल याचा अंदाज येतो.

मग काउंटरकडे बघा. उंच स्टुलांवर कोण बसलंय? पन्नाशीतला माणूस पेपर उघडून बसलाय, त्याच्या शेजारी पंचविशीची मुलगी, पलीकडे रंगाचे डाग पडलेल्या कपड्यांतला कामगार, असं मिश्रण दिसलं की आत जायला हरकत नाही. सगळी टेबलं भरलेली आणि काउंटरचे स्टूल रिकामे, असं दिसलं तर तिथे नेहमीची माणसं येत नाहीत.

बियरच्या नळांवरही नजर टाका. लोकांच्या हातात स्टाउट दिसतोय ना? स्टाउट जिथे भराभर खपतो तिथेच ताजा असतो. सगळ्यांच्या हातात कॉकटेल असतील तर तिथे स्टाउट मागू नका.

जुन्या पबांत दाराशेजारी लाकडी पार्टिशनची एक छोटी खोली असते, तिला स्नग म्हणतात. आतून काउंटरकडे उघडणारी एक खिडकी असते, तिथूनच पेय मिळतं. कीओज, टोनर्स, डोहेनी अँड नेसबिट, रायन्स या सगळ्यांत ती आहे. रिकामी दिसली की आधी ती धरा. मात्र दोघांनी आठ जणांची स्नग संध्याकाळभर अडवणं बरं दिसत नाही. कुणी विचारलं तर सरकून जागा द्या. अशा वेळीच उत्तम ओळखी होतात.

सावधान: रिकामी खुर्ची दिसली तरी ‘इथे कुणी बसलंय का?’ हे विचारल्याशिवाय बसू नका. जाड कागदी चकती ग्लासावर झाकलेली दिसली तर तो माणूस बाहेर गेलाय आणि परत येणार आहे. २००४ पासून पबात धूम्रपानाला बंदी असल्यामुळे लोक पेय ठेवून बाहेर जातात.

## टप्पा ६: काउंटरवर

टेबलावर बसून वाट बघत राहणं ही आपल्या लोकांची नेहमीची चूक. बहुतेक पबांत तुमच्याकडे कुणी येत नाही. काउंटरवर जा, मागा, तिथेच पैसे द्या आणि स्वतः घेऊन या.

काउंटरवर रांग नसते, पण क्रम असतो. तुमच्या आधी कोण उभं होतं ते लक्षात ठेवा. बारमनच्याही ते लक्षात असतं. त्याच्याशी नजर मिळाली की मान हलवा, बास. नोट हलवणं, चुटकी वाजवणं, ‘हॅलो भाऊ’ करणं टाळा, त्याने तुमचा नंबर मागेच जातो. तुमच्याआधी आलेल्याकडे बोट दाखवून ‘आधी हे’ म्हटलंत तर त्या दोघांच्याही मनात तुमची नोंद होते.

ऑर्डर देताना स्टाउट आधी सांगा, बाकीचं नंतर, कारण स्टाउटला वेळ लागतो. शेवटी स्टाउट सांगितला की बाकीची पेयं गरम होत तुम्ही सगळेच खोळंबता.

काउंटरवर टिप द्यायची पद्धत नाही. टेबलावर जेवण आणून दिलं तर दहा टक्क्यांच्या आसपास ठेवतात. कार्ड जवळजवळ सगळीकडे चालतं, तरी वीस युरोची एक नोट खिशात असू द्या.

## टप्पा ७: पाइंट पारखणं

पाइंट म्हणजे ५६८ मिली. ‘ग्लास’ मागितलात तर त्याच्या निम्मं, २८४ मिली मिळतं. नव्या पबात आधी ‘ग्लास’ मागणं शहाणपणाचं. चव बिघडलेली निघाली तर नुकसान कमी.

ओतताना बघत राहा. बारमन ग्लास तिरका धरून सुमारे तीन चतुर्थांश भरतो आणि बाजूला ठेवून देतो. आत तपकिरी ढग खाली उतरताना दिसतात, हळूहळू तळापासून काळा रंग वर चढतो. पूर्ण बसल्यावरच तो वरचा भाग भरतो. या सगळ्याला दोनेक मिनिटं लागतात. अर्धा भरलेला ग्लास उचलून चालू पडू नका. ही चूक नवे लोक हमखास करतात आणि अख्खा काउंटर बघतो. बारमनने एका दमात भरून पुढे सरकवला तर त्या पबात दुसरा पाइंट घेऊ नका.

हातात आल्यावर फेसाचा थर बोटभर, मलईसारखा आणि काठाच्या जरासा वर असावा. मोठे बुडबुडे नकोत. पहिला घोट मोठा घ्या, फेसाखालचं पेय तोंडात आलं पाहिजे. पीत गेलात की प्रत्येक घोटामागे काचेवर फेसाचं कडं उरतं. कडी स्पष्ट दिसली तर ग्लास स्वच्छ आहे. फेस काचेवरून घसरून नाहीसा झाला तर ग्लासाला चिकटपणा आहे. चव आंबट किंवा धातूसारखी लागली तर नळ्या धुतलेल्या नाहीत. अशा वेळी ग्लास परत नेऊन शांतपणे सांगा, चांगला पब तो बदलून देतो.

आपल्याकडे समज असा की काळं म्हणजे कडक. गिनेसचा नळावरचा स्टाउट ४.२ टक्के असतो, आपल्याकडच्या ‘स्ट्राँग’ बियरपेक्षा कितीतरी सौम्य. उलट व्हिस्कीत हिशेब चुकतो. इथलं एक माप ३५.५ मिलीचं असतं, म्हणजे आपल्या ३० मिलीच्या पेगपेक्षा मोठं.

न पिणाऱ्यांनी बिनअल्कोहोल गिनेस मागावा. अनेक पबांत तोही नळावर मिळतो आणि दिसायला तसाच असतो. चहा किंवा सोडा-लिंबू मागितल्यानेही कुणाची भुवई उंचावत नाही. शाकाहाऱ्यांसाठी आणखी एक: गिनेस गाळताना पूर्वी माशापासून काढलेला पदार्थ वापरत, तो आता वापरत नाहीत.

## टप्पा ८: राऊंड

बरोबर स्थानिक मित्र किंवा ऑफिसातले लोक असतील तर हा टप्पा नीट वाचा. इथे बिल शेवटी वाटून घेत नाहीत. एक जण सगळ्यांसाठी आणतो, मग दुसरा, मग तिसरा. चौघे असाल तर चार फेऱ्या. कुणी वही काढत नाही, पण कुणाची पाळी चुकली हे प्रत्येकाला माहीत असतं.

दोन पाइंट दुसऱ्यांच्या पैशाने पिऊन ‘चला, उशीर झाला’ म्हणत उठलात तर तोंडावर कुणी बोलणार नाही, पण पुढच्या वेळी बोलावणं येणार नाही. लवकर निघायचं असेल तर पहिली किंवा दुसरी फेरी तुम्ही घ्या. विद्यार्थी आहात, पैसे मोजके आहेत, किंवा एकच पेय घ्यायचंय, तर बसतानाच सांगा: ‘मी माझं माझं घेतो.’ हे पूर्णपणे चालतं. मध्येच सांगणं चालत नाही. तुम्ही फक्त सोडा पीत असाल तरी फेरीत सामील झाल्यावर आपली पाळी घ्यायचीच.

तपासा: तुमच्याआधीच्या माणसाच्या ग्लासात बोट-दोन बोटं उरली की उठायची वेळ झाली. ग्लास रिकामे होऊन लोक बसून राहिले, तर तुम्ही उशीर केलात.

## टप्पा ९: सेशनमध्ये बसताना

सेशन हा मंचावरचा कार्यक्रम नाही. वादक एका टेबलाभोवती एकमेकांकडे तोंड करून बसतात: फिडल, बासरी, टिन व्हिसल, कॉन्सर्टिना, बँजो, कोपराखालच्या भात्याने हवा भरायचे इलन पाइप्स आणि बौरान नावाचा डफासारखा ढोल. गावातल्या भजनात जसं कुणी मधूनच येऊन टाळ घेऊन बसतं, तसा नवा वादक येतो, मान हलवतो आणि सुरात मिसळतो. एक धून दोन-तीनदा वाजते आणि न थांबता पुढच्या धुनेत शिरते.

त्या टेबलाजवळची रिकामी खुर्ची येणाऱ्या वादकासाठी असते, तिच्यावर बसू नका. फर्माईश करू नका. टाळ्या धुनांची मालिका संपल्यावर वाजवा, ताल धरून मध्ये वाजवू नका, वादकांचा ठेका बिघडतो. वाजवणं चालू असताना हळू बोललेलं चालतं. पण एखादा माणूस डोळे मिटून साथीशिवाय गायला लागला तर सगळा पब गप्प होतो. तेव्हा तुम्हीही ग्लास खाली ठेवा आणि ऑर्डर देऊ नका. ध्वनिमुद्रण करायचं असेल तर दोन धुनांच्या मध्ये विचारा.

सावधान: माइक, स्पीकर, एक गिटारवाला आणि पाहुण्यांना तोंडपाठ असलेली गाणी, हे सेशन नव्हे. त्यातही मजा येते, पण ते ऐकून ‘पारंपरिक संगीत ऐकलं’ असं समजू नका.

## टप्पा १०: खाणं

जुन्या पबांत स्वयंपाकघर असेलच असं नाही, आणि असलं तरी रात्री आठ-नऊला बंद होतं. संगीताच्या रात्री आधी जेवूनच जा.

शाकाहाऱ्यांना थोडी विचारपूस करावी लागते. भाज्यांच्या सूपमध्ये कोंबडीचा स्टॉक असू शकतो. स्ट्यू कोकराच्या मटणाचा किंवा गोमांसाचा असतो, आणि गिनेस घातलेला स्ट्यू बहुधा गोमांसाचाच. कॉडल या डब्लिनच्या पदार्थात सॉसेज आणि डुकराचं मांस असतं. भरवशाची गोष्ट म्हणजे टोस्टी, अर्थात चीज, कांदा, टोमॅटो घालून दाबून भाजलेलं सँडविच. त्यात सवयीने हॅम घालतात, म्हणून ‘हॅम नको’ हे मागतानाच सांगा. ग्रोगन्सची टोस्टी मोहरीच्या सॉसबरोबर खाऊन बघा. काहीच नसेल तर चीज-ओनियन वेफर्सचं पाकीट घेऊन, कडेने फाडून, टेबलाच्या मध्ये पसरायचं. सगळे त्यातूनच खातात.

## टप्पा ११: पुढच्या पबचा पत्ता आणि घरी परतणं

पहिला पब चांगला निघाला तर दुसऱ्याचा शोध फोनवर घेऊ नका. गर्दी ओसरलेली असताना, ग्लास परत देताना बारमनला विचारा: ‘तुम्ही सुट्टीच्या दिवशी कुठे जाता?’ ‘चांगला पब कुठला?’ असं विचारलंत तर तो पाहुण्याला सांगायचं नाव सांगतो. पहिल्या प्रश्नाला मात्र त्याला स्वतःचा विचार करावा लागतो आणि बहुधा एखाद्या उपनगरातलं, कुठल्याच यादीत नसलेलं नाव मिळतं. काउंटरवर बसलेली एखादी व्यक्तीही त्यात भर घालते. नाव तिथेच लिहून घ्या, आणि तिथला बस क्रमांकही विचारा.

लोक तुमची थोडी थट्टा करतील. तुमच्या जाकिटावरून, क्रिकेटवरून, पावसात छत्री धरण्यावरून. ती आपुलकीची खूण आहे. हसून तेवढंच परत करा.

निघण्याची वेळ आधी ठरवा. लुअसची शेवटची ट्राम साधारण मध्यरात्रीच्या सुमाराला असते, डार्टचंही तसंच. काही बसमार्ग चोवीस तास चालतात. तुमच्या घराकडचा त्यात आहे का, हे दुपारीच बघून ठेवा. लीप कार्ड (प्रवासाचं प्रीपेड कार्ड) असेल तर ९० मिनिटांत बस आणि ट्राम एकाच भाड्यात बदलता येतात. शुक्रवार-शनिवारी साडेबारानंतर सगळे पब एकदम रिकामे होतात आणि टॅक्सी मिळणं कठीण जातं, म्हणून त्याच्या वीस मिनिटं आधी उठा.

गाडी घेऊन जाऊच नका. इथली मर्यादा १०० मिली रक्तात ५० मिग्रॅ आहे, आणि शिकाऊ व नवीन परवानाधारकांना फक्त २०. भारतातून येऊन इथला नवा परवाना काढलेले अनेक जण या दुसऱ्या गटात मोडतात. उरलेलं पेय हातात घेऊन रस्त्यावर येऊ नका, शहरात सार्वजनिक जागी पिण्यावर बंदी आहे. निघताना रिकामे ग्लास काउंटरवर नेऊन ठेवा आणि बारमनला मोठ्याने ‘थँक्स’ म्हणा. नेहमीची माणसं दारातून वळून तसंच म्हणतात. पुढच्या आठवड्यात त्याच वारी, त्याच वेळी पुन्हा गेलात तर तो तुम्हाला ओळखेल.